नळीच्या तळाशी लाल

“काका, हे कुंकू नाही,” चारुलता म्हणाली. कारखान्याच्या प्रयोगशाळेत माल तपासायचं काम तिचं.

उमाजीकाकांनी नळी उजेडात धरली. वर निवळ पाणी, तळाशी लाल गाळ.

“हौ की, कुंकूच! दसऱ्याला टाकीची पूजा केलो ना मी? मूठ सैल सुटली असंल. तू पुण्याची, तुला काय ठावं आमचा भक्तिभाव!”

हैदराबादेत कुकटपल्लीच्या त्या कारखान्यात लोक काकांबद्दल काय काय सांगत. ते नुसते खाकरले तरी टाकीतलं यीस्ट फुगतं म्हणे. एकदा तर झाकण उडालं ते थेट बेगम बाजारात मिरचीच्या पोत्यावर! यीस्टला सेलेनियमचा क्षार पाजायचा, त्यानं तो पचवून आपल्या प्रथिनांत बांधायचा, मग त्याच्या पौष्टिक गोळ्या. काकांचा जन्म यातच गेला. ही त्यांची शेवटची बॅच. आज संध्याकाळी निरोप.

एकूण सेलेनियम बरोबर भरलं होतं. पण ते कुठल्या रूपात आहे? चारुलतानं एन्झाइम घालून प्रथिनं फोडली, नळी गरगर फिरवली, वरचं पाणी यंत्राला दिलं. पडद्यावर बांधलेल्या सेलेनियमचा सुळका यायचा, तिथं आली बुटकी टेकडी. आपलंच चुकलं म्हणून तिनं सगळं पुन्हा केलं. पुन्हा टेकडीच. मग थोडा गाळच आम्लात विरघळवून पाहिला; हरवलेलं सेलेनियम तिथं निघालं, तशी ती उरलेली नळी घेऊन काकांकडे आली.

“हे न बांधलेलं, निव्वळ सेलेनियम आहे, काका. खाल्लं तरी अंगी लागत नाही. क्षार एकदम पडला की यीस्टला सोसत नाही, मग ते असं लाल होतं. थेंबथेंब नव्हता सोडला?”

काकांचं हसू चेहऱ्यावरच गोठलं.

“पूजेची येळ टळत होती,” ते पुटपुटले. “भटजी घाई लावले. एकदम ओतलो. लाल दिसलं तर... माझाच हात कुंकवाचा, मला शंका बी आली नाही गं.”

चारुलता दाराकडे बघत हलकेच म्हणाली, “एकूण आकडा बरोबर आहे. मी तेवढाच कळवला तर कुणाला—”

“नक्को अम्मा!” काका एवढ्यानं ओरडले की ती दचकली. “लोकं खातेत ते. जसं हाय तसं कळव.”

दुपारी त्यांनी स्वतः टाकी कचऱ्याच्या हौदात रिकामी केली आणि कुणाला पुढे येऊ न देता ब्रश घेऊन आत उतरले. संध्याकाळी निरोपाला आलेली मंडळी टाकीच्या शिडीखाली जमली. आतून पोलादावर ब्रश घासल्याचा आवाज येत राहिला.