सोमवारचा डबा

शाळेच्या कॅन्टीनमधल्या मावशींना मुख्याध्यापिकाबाईही मावशीच म्हणत, आणि बाई मावशींपेक्षा चांगल्या सहा वर्षांनी मोठ्या होत्या. पोटाला घालणाऱ्या बाईला वय नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

कॅन्टीनमध्ये तळण चाले. पहिल्या तारखेला कढईत पडलेलं तेल महिनाअखेरपर्यंत इमानेइतबारे राबे, आणि रंगाच्या बाबतीत शिपायाच्या बुटांशी बरोबरी करी. मावशींनी सुरुवातीला डाळ आणि भाज्या करून पाहिल्या होत्या. पहिल्या दिवशी पोरांनी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या अंगावर. तिसऱ्या दिवशी मावशींनी बटाटे तळायला घेतले आणि शाळेत शांतता नांदू लागली.

दर सोमवारी प्रयोगशाळेचा माणूस अन्नाचा नमुना न्यायला येई. पहिल्यांदा आला तेव्हा ओट्यावर कढईखेरीज काही नव्हतं. मावशींनी घाबरून स्वतःच्या जेवणाचा डबाच पुढे सरकवला. बेताच्या तेलातली भाजी, डाळ, काकडीच्या चकत्या. शेरा आला, उत्तम. बाईंनी तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला. तेव्हापासून चार वर्षं दर सोमवारी मावशी उपाशी राहत आणि कॅन्टीन उत्तम राही.

मावशींची नात याच शाळेत चौथीला होती. शाळा सुटली की आई कामावरून न्यायला येईपर्यंत ती कॅन्टीनच्या बाकावर पाय हलवत बसे आणि आजीच्या हातचं गरमागरम खाई. आजीचं काळीज मोठं, कढई त्याहून मोठी. घरी जेवायला बसेपर्यंत पोरीच्या पोटात जागाच उरत नसे.

मग तिचं पोट दुखायला लागलं.

शाळेचे डॉक्टर तेच घरचे डॉक्टर. त्यांनी तपासण्या केल्या आणि चष्मा काढून ठेवला. "यकृतावर चरबी आहे. नऊ वर्षांच्या मुलीच्या. खाते काय ही?"

"दुपारी कॅन्टीनचं, रात्री घरचं, आजीच्याच हातचं," पोरीची आई, म्हणजे मावशींची मुलगी, म्हणाली.

"कॅन्टीनचे रिपोर्ट माझ्याकडेच येतात. बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे पाणी घरीच मुरतंय. घरचं बंद करा. दोन्ही वेळा कॅन्टीनचंच द्या."

"तरी मी सांगत होते, आई," मुलगी मावशींकडे वळली. "तेलाला तुझा हात फार सढळ."

मावशींनी तोंड उघडलं. पण जिभेवर नोकरी ठाण मांडून बसली होती, ती काही उठेना. "बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे उठून डाळ-भाजी केली, कॅन्टीनच्या कागदी खोक्यात भरली आणि संध्याकाळी पोरीपुढे ठेवली.

नातीनं झाकण उचललं. "आजी, हे सोमवारचं आहे."

"गुपचूप खा."

"सोमवारचं त्या काकांचं असतं. मला नेहमीचं दे."

"पोरीच्या जिवाशी खेळतेस का?" मुलगी कडाडली. "डॉक्टर कॅन्टीनचं म्हणाले आणि तू आपलंच घोडं दामटतेस. उद्यापासून मी समोर उभी राहून पार्सल घेईन."

ती खरंच उभी राहू लागली. मावशी तळत होत्या, मुलगी बांधून नेत होती, नात खात होती. पंधरा दिवसांत पोर शाळेचे जिनेही बसत बसत चढू लागली.

पुढच्या सोमवारी मावशींनी आपला डबा पिशवीतच ठेवला. नमुन्याच्या डब्यात कढईतलं तळण भरलं, तेल निथळू न देता. आपल्याला बोलता येत नाही, तर डबा बोलेल.

"आज जड लागतोय, मावशी," डब्याला सील ठोकता ठोकता प्रयोगशाळेचा माणूस म्हणाला.

"मन लावून केलंय," मावशी म्हणाल्या.

आठवडाभर त्या हकालपट्टीची वाट पाहत राहिल्या. स्वतःची दोन पातेली आणि झारा वेगळा काढून ठेवला. शुक्रवारी बाई कागद घेऊन आल्या. तेल मर्यादित. काकडी ताजी. शेरा, उत्तम.

डब्यात काकडी नव्हती.

मावशी तशाच डॉक्टरांकडे गेल्या आणि चार वर्षांचं सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. त्यांच्यासमोर तोच कागद होता.

"मावशी, आपल्या हातच्या अन्नानं नात आजारी पडली, हे पचायला जड जातं," ते म्हणाले. "पण म्हणून चांगल्या कॅन्टीनला बट्टा लावू नये. लोकांचा विश्वास आहे."

सोमवारी मावशींनी कढईतलं काळं तेल मोरीत ओतलं, कढई तीनदा घासली आणि नवं तेल घातलं. त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं. संध्याकाळी मुलीनं पार्सल घ्यायला हात पुढे केला. नातीनं त्यातला एक तुकडा तिथेच तोंडात टाकला, जरा वेळ चघळला आणि आजीकडे पाहिलं.

"आज चव नाही, आजी."