सुहैरच्या घरची किटली

मी एक जुनी पितळी किटली आहे. चोच लांब, पोट मोठं आणि मन, खरं सांगू का, मुळीच मोठं नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते.

नाझरेथच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. गालिलच्या डोंगरातल्या एका गावात, अबू फय्यादांच्या बैठकीत माझी उमर गेली. वेलदोडे घातलेली कडू कॉफी माझ्या चोचीतून पडायची ती पेल्याच्या तळाशी, घोटभरच. घोटभर म्हणजे ‘बसा, अजून घ्या’. किती सोयरिकी जुळल्या, किती भांडणं मिटली माझ्यासमोर! अबू फय्याद मला लिंबाने घासायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, “ही माझी थोरली लेक!” पितळेची असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

ते गेले आणि मी थंड पडले. त्यांची नात सुहैर हैफा शहरात एका लग्नाच्या हॉलमध्ये कामाला लागली. मालक ज्यू, नाव गिदोन. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “सुहैर काही जिभेवर बसत नाही गं. आपण तुला ओर्ली म्हणू. गिऱ्हाइकांनाही बरं वाटेल. आणि हो, त्यांच्यासमोर अरबी बोलायचं नाही.” छातीवर ‘ओर्ली’ या हिब्रू नावाची पट्टी लागली. पोटासाठी माणूस काय काय गिळतो! पुढे गिदोनला शोभेसाठी काहीतरी ‘अस्सल गावाकडचं’ हवं झालं, तेव्हा त्याची मर्जी राखायला तिने मलाच नेलं. त्याने माझ्या पोटात प्लॅस्टिकची फुलं खोचली. त्या दिवसापासून मी सूड घोकत होते.

एकदा तिच्याच गावची वडीलधारी मंडळी हॉल बघायला आली. गावातली सगळी लग्नं इथेच लागावीत म्हणून गिदोन हात धुऊन त्यांच्या मागे लागला होता. माझ्यातली फुलं निघाली, मला विसळलं, आचेवर चढवलं. सुहैरला नक्षीचा झगा घालायला लावला, वर पट्टी तीच.

त्यांच्यातले म्हातारे हाज दीब तिला निरखून म्हणाले, “काय गं पोरी, तू कुणाची?”

गिदोन शेजारीच उभा. तिची मान खाली. “मी... ओर्ली.”

“अस्सं? मग आमच्या अबू फय्यादची नात कुठं मेली?”

मंडळी खो खो हसली. तिने माझी मूठ घट्ट धरली. ओत, मी मनात म्हणाले, ओत पोरी!

म्हाताऱ्यांना तिने घोट घोट कॉफी दिली. मग गिदोनचा पेला धरला आणि ओततच राहिली, थेट काठापर्यंत. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

“बघा, मालकाचा मान!” गिदोन खूश. चटके सोसत त्याने सगळा पेला रिचवला. हाज दीबांच्या मिशा हलायला लागल्या.

“काय झालं? हसता काय?”

सुहैरने पट्टी काढून टेबलावर ठेवली. “आमच्यात काठोकाठ भरून दिलं की त्याचा अर्थ, पी आणि चालता हो. आणि मी सुहैर. अबू फय्यादची नात.”

“माझ्याच हॉलमधून मला घालवतेस? तूच चालती हो!”

“निघालेच. किटली माझी आहे.”

तिच्यामागोमाग मंडळी उठली, आणि गिदोनने मनात मांडलेली सगळी लग्नंही उठली. तोंड पोळलेला तो दारात उभा राहून ओरडत होता, आणि मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दया? तिळमात्र नाही.

नोकरी गेली. घरी आईने आकांत केला, “नावाने पोट भरतं का गं?” सुहैर मला लिंबाने घासत बसली. पुढे एका दवाखान्यात काम मागायला गेली, तिथेही साहेबांनी विचारलंच, दुसरं काही सोपं नाव आहे का?

“नाही,” ती म्हणाली. “शिकाल हळूहळू.”

घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा आईसुद्धा हसली.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, त्यांच्यात फुलं खोचू नका. आणि माणसाला त्याच्याच नावाने हाक मारा. जीभ वळत नसेल, तर वळवा.