सोफ्यावर न बसलेले व्याही

"बाबा, आज सोफ्यावर बसायचं. चांगलं पाठ टेकून. आणि तो टॉर्च घरी ठेवायचा," मुलीनं दम भरला आणि बाबांनी निमूट मान डोलावली. टॉर्च मात्र खिशातच होता.

आता त्यांचा तरी काय दोष हो! माणसाची उभी हयात लोकांच्या घरातले ढेकूण मारण्यात गेली. कामावरून आले की जिन्यातच कपडे उतरवायचे, पिशवीत कोंबून गाठ मारायची आणि टॉवेल गुंडाळून घरात शिरायचं. पिशवी थेट मशीनमध्ये, कढत पाण्यात. शेजारी हसले, बायकोनं कपाळ बडवून घेतलं, पण एक ढेकूण म्हणून त्यांच्याबरोबर कधी घरी आला नाही. त्याचा त्यांना कोण अभिमान! कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी हे आपले उभेच. एकदा तर मुलीच्या मैत्रिणीकडे पलंगाची गादी उलटी करून पाहिली. ती मैत्रीण तुटली ती तुटलीच.

आज मात्र प्रश्न मुलीच्या लग्नाचा होता. मुलगा तिनंच पसंत केलेला, आणि दोन्ही घरं पहिल्यांदाच भेटणार होती. पोरीचा पाय सकाळपासून जमिनीला लागत नव्हता. निघता निघता तिनं हळूच सांगून टाकलं, "मुलाच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान आहे. जुन्या फर्निचरचं."

"जुन्या? म्हणजे लोकांनी वापरलेल्या?" बाबांचा हात खिशातल्या टॉर्चवर गेला.

होणाऱ्या व्याह्यांनी हसत दार उघडलं. हॉलमध्ये भला मोठा सोफा, मऊ, गुबगुबीत, शिवणीच शिवणी. पोरीला शब्द दिलाय, बसायलाच हवं. ते मनाचा हिय्या करून पुढे सरकले, तोच व्याही मध्ये आले.

"इकडे, इकडे बसा ना! खिडकीपाशी हवा छान येते."

खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या मांडलेल्या. बाबांचा जीव भांड्यात पडला. पण व्याह्यांनी बाबांच्या बायकोची पर्स दोन बोटांत धरून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवली, तेव्हा बाबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काय हो, आम्हाला सोफ्यावर का नाही बसवलंत?"

बायकोनं चिमटा काढला. मुलीचा चेहरा खर्रकन उतरला.

व्याही चाचरले. "राग मानू नका. पण तुम्ही दिवसभर तसल्याच घरांत वावरता. एखादा शर्टाला चिकटून आला, तर माझ्या धंद्याची वाटच लागेल."

"माझ्या शर्टाला?" बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, हा शर्ट ड्रायरमधून काढून गरम गरम अंगात घातलाय! बूट पिशवीत बांधून आणले आणि तुमच्या पायरीवर चढवले!"

"पायरीवर?" व्याह्यांचे डोळे एकदम चमकले. "मीसुद्धा! दुकानातून निघालो की गॅरेजमध्येच कपडे बदलतो!"

"आणि गाडीच्या सीटचं काय?"

"सीटला प्लॅस्टिक!"

"अरे वा रे वा!" बाबा खुर्चीतून उठलेच. "आणि माल?"

"प्रत्येक खुर्चीला, प्रत्येक कपाटाला आधी वाफ. त्याशिवाय दुकानात घेत नाही. लोक मला वेडा म्हणतात!"

"मला तर काय काय म्हणतात!"

झालं! दोघांच्या आवाजानं घर दणाणलं. कुणी कुणाचं ऐकून घेईना. शेवटी व्याही छाती फुगवून म्हणाले, "या घरात एक ढेकूण दाखवा, दुकानाला कुलूप लावतो! बघाच तुम्ही!"

बाबांच्या हातात टॉर्च आला. मुलीनं कपाळाला हात लावला, मुलगा हसू दाबत होता. एक दोन तीन म्हणत दोघा बापांनी सोफा उलटा केला आणि गुडघ्यांवर बसून मुंडकी आत घातली.

खालच्या कापडाच्या घडीत काळे ठिपके होते. त्यांच्या शेजारी पांढरी बारीक अंडी. आणि उजेड पडताच एक लालसर जीव तुरुतुरु पळत सुटला.

बाबांनी तो चिमटीत पकडला. जिंकल्याचा आनंद पार गळ्यापर्यंत आला होता. पण शेजारी पाहिलं तर व्याह्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. लेकासमोर, पाहुण्यांसमोर माणूस मातीत गेल्यासारखा बसला होता.

"सापडला का?" मागून मुलगी घाबरून म्हणाली.

बाबा उठले. त्यांचे कान लाल झाले होते.

"सापडला. माझाच आहे. बाहीतून पडला," ते मोठ्यानं म्हणाले. "माफ करा हं, आज झाडायला विसरलो."

त्यांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. आयुष्यभरात हे वाक्य या माणसाच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

व्याह्यांनी त्यांना बाजूला ओढलं. "अहो, तुम्ही तर सोफ्यावर बसलासुद्धा नव्हतात. आणि अंडी? तीही बाहीतून पडली? का खोटं बोलताय?"

"हळू बोला," बाबा कुजबुजले. "उद्या माझी पोरगी इथे राहायला येणार. तिच्या घरात ढेकूण निघाला, हे मी माझ्या तोंडानं कसं सांगू?"

व्याह्यांनी बाबांचा हात घट्ट धरला, ढेकणासकट.