दुखरी गाठ

निळ्या डोक्याची टाचणी काखेखालच्या शिवणीत अजून तशीच होती... ब्लाउज तिचा स्वतःचा. डावा मुंढा काचतो म्हणून तिनं तो उसवून सैल केला होता, आणि एकदा नव्हे, दोनदा. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण माणूस एकाच बाजूनं कसं सुटेल, हा साधा प्रश्न काही डोक्यात आला नाही. शिंपिणीची अक्कल ती! काचलं की शिवण उसवायची, अंगाला विचारायचं नाही.

मग आंघोळ करताना गाठ हाताला लागली. ताईची गाठही काखेतच होती. "दुखत नाही गं," असं ताई हसून सांगायची, आणि दुखत नाही म्हणून दोघी बहिणी निर्धास्त राहिल्या... ताई जाईपर्यंत.

चार दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबली, तेव्हा ही कळवळली. मग त्यांनी हातावरचे ओरखडे पाहिले.

"मांजर पाळलंय का, काकू?"

पिल्लू होतं. कचऱ्याच्या डब्यामागे सापडलेलं, चिंध्यांत झोपणारं, हलत्या दोऱ्यावर झेप घेणारं. त्याच्या नखांतून जंतू शिरले असावेत, बाई म्हणाल्या. शरीर त्यांच्याशी झुंजतंय, म्हणून गाठ सुजली, दुखते. दुखते हे बरंच. गोळ्या घ्या, उतरली नाही तर मात्र तुकडा काढून तपासू.

दुखते हे बरंच – एवढंच घेऊन ती घरी आली. पिल्लू लांब सोडून येतो, असं नवरा म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पेपरात घुसला. पिल्लाचा तिला राग नव्हताच. उलट – हे कुणाला सांगायची सोय नव्हती – त्याच्याच नखांचं हे असू दे, अशी ती मशीनवर बसल्या बसल्या मनोमन विनवणी करत होती. मध्येच शिलाई थांबायची, उजवा हात काखेत जायचा. दाबलं की कळ. कळ आली की जीव भांड्यात.

"सारखं काय चाचपतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"दुखतंय."

हे ती इतक्या समाधानानं म्हणाली, की त्यानं पेपर खाली ठेवला.

दिवेलागणीला तिनं पुन्हा दाबलं. कळ आली, पण बोथट... गोळ्या लागू पडल्या असतील. लागू पडल्याच असतील. की मग – तिनं बोटं आणखी खोल रुतवली, आणखी, आतल्या आत त्या गाठीला म्हणत – दुख गं, दुख ना.