हिला काही नाही

गुरुवारी दुपारी तीनच्या ठोक्याला टेलरमास्तरांनी मशीनवर फडकं टाकलं, कात्री खणात ठेवली आणि दुकानाचं शटर ओढलं. एका कोटाची बाही अर्धवट राहिली होती. राहू दे. गुरुवारी तीननंतर मास्तर शिवत नसत, ऐकत असत.

खिशात एक लाकडी रीळ होतं, त्यावरचा दोरा कधीच संपलेला. त्यांच्या बायकोचं होतं ते. ती दुकानात काजं करायची, बटणं लावायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी बारा खुर्च्या गोल मांडल्या. असं गोल बसून बोलणं त्यांना हॉस्पिटलातल्या एका सिस्टरने शिकवलं होतं. ज्यांचं माणूस गेलं अशांना ती एकत्र बसवायची. एखादी वस्तू हातोहात फिरायची. ती ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. सिस्टरची बदली झाली तेव्हा मास्तरांनी तेच आपल्या गल्लीत सुरू केलं, बायकोचं रीळ हातोहात फिरवत. लोक आधी हसले. मास्तर आता जिभेचं माप घेणार, म्हणाले. मग हळूहळू यायला लागले, जोडीजोडीने. खोलीत पंखा चांगला होता आणि शेवटी चहा मिळायचा.

एक गोष्ट मास्तरांना पहिल्याच दिवशी खुपली. रीळ बाईच्या हातात आलं की ती ते शेजारच्या नवऱ्याकडे सरकवायची. "तुम्हीच सांगा ना." आणि नवरा सांगायचा. हिला हे आवडत नाही. हिला ते झेपत नाही. हिचं काही म्हणणं नाही. ‘ही’ तिथेच बसलेली असायची, धडधाकट दोन कानांची, एका तोंडाची, आणि दाराबाहेर ठेवलेल्या छत्रीबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोललं जायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बायकांनाही नाही. दुकानातही तीच तऱ्हा. माप द्यायला बाई उभी, आणि नवरा खुर्चीतून सांगणार, "हिला सैलच आवडतं."

वायरमनची बायको अशीच होती. तिशीची, शांत, कायम दाराजवळची खुर्ची धरणारी. तीन गुरुवार तिच्या हातातलं रीळ नवऱ्याने घेतलं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, हिला जरा अशक्तपणा आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, हिला कुरकुरायची सवयच आहे. तिसऱ्यांदा म्हणाला, हिला माहेरची आठवण येते, दुसरं काही नाही. तिन्ही वेळा मास्तर दातांवर दात धरून बसले. रीळ त्याच्या हातात होतं आणि नियम त्यांनीच घातला होता.

परवा मात्र ती आपला ड्रेस घेऊन दुकानात आली. कमरेत आत घ्यायचा होता. मास्तरांनी टाका उसवायला घेतला आणि त्यांचा हात थांबला. महिन्यापूर्वी हाच ड्रेस त्यांनीच दीड इंच आत घेतला होता.

"परत सैल झाला?" त्यांनी विचारलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मोटरसायकलवरून नवरा ओरडला, "हिने डाएट धरलंय, मास्तर. हिरॉइन व्हायचंय हिला."

ती हसली. असं हसू मास्तरांनी घरी वर्षभर पाहिलं होतं.

आज खोलीत पाच जोडपी जमली. मास्तरांनी रीळ पोस्टमनआजोबांकडे दिलं. आजोबांनी नोकरीतल्या कुत्र्यांच्या तीन गोष्टी सांगितल्या आणि चौथी सुरू करणार तोच आजींचा नंबर आला.

"हिचं राहू द्या," आजोबा म्हणाले. "हिला ऐकू कमी येतं."

"मला चांगलं ऐकू येतं," आजी म्हणाल्या. "तुम्ही चाळीस वर्षं तीच कुत्री सांगताय, म्हणून मी ऐकत नाही."

खोली हसली. आजोबाही हसले, जरा उशिराने. आजींनी रीळ पुढे दिलं. ते वायरमनच्या बायकोकडे आलं आणि तिने ते न बघताच नवऱ्याकडे सरकवलं.

"हिला काही नाही," वायरमन म्हणाला. "डॉक्टरकडे पण नेऊन आणलं. मी सगळं नीट सांगितलं त्यांना. पित्त आहे. गोळ्या दिल्यात." आणि त्याने रीळ मास्तरांच्या हातात ठेवलं.

मास्तरांना राग आला होता, आणि तो एकट्या वायरमनवर नव्हता.

"माझ्या बायकोला पण पित्तच होतं," ते म्हणाले. "असं मी सांगितलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, कुठे दुखतं? ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, हिला काही नाही, हिला पित्त आहे. डॉक्टरांनी लिहून घेतलं. नवरा बोलतोय म्हटल्यावर कोण कशाला तिला पुन्हा विचारतो. वर्षभर मी तिचे कपडे आत घेत होतो. चार वेळा. याच हातांनी. दुनियेच्या मापातला फरक मला पाव इंचापर्यंत कळतो, आणि घरातलं माणूस मशीनसमोर बसून अर्धं झालं, ते मला कळलं नाही. कळलं नाही असंही नाही. विचारलं नाही. पोटात गाठ होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती गेल्यावर माझी मुलगी मला एकच वाक्य बोलली. ‘बाबा, डॉक्टरांनी आईला विचारलं होतं.’ तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. बरोबर करते."

मास्तरांनी रीळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मी तिला मारलं नाही कधी. उपाशी ठेवलं नाही. गल्ली मला चांगला माणूस म्हणते. चांगली माणसंच हे करतात. तिच्या तोंडचं बोलणं काढून घेतो आणि त्याला काळजी म्हणतो." मास्तर उठले. "आजपासून आणखी एक नियम. या खोलीत ‘हिला’ बंद. ज्याने त्याने ‘मला’ म्हणायचं. आणि रीळ उलटं फिरणार."

ते वायरमनला ओलांडून त्याच्या बायकोसमोर गेले आणि तिच्या ओंजळीत त्यांनी रीळ ठेवलं.

"ताई, बोलायचं नसेल तर बोलू नका. पण ते दुसऱ्याला देऊ नका."

ती रिळाकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं. वायरमन खुर्चीत चुळबुळला. "अगं सांग ना, काही नाही म्हणून. लोक खोळंबलेत."

"तुमच्या हातात रीळ नाही," पोस्टमनआजी म्हणाल्या.

आणखी एक मिनिट गेलं.

"मला," ती म्हणाली आणि थांबली. तो शब्द तिलाच नवा लागला असावा. "मला अंगावरून जातंय. चार महिने. रोज. मला जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मला पित्त नाही."

वायरमनचा चेहरा पडला. "मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बायकांचं असतंच. मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्हीच सांगितलंत."

तो ताडकन उठला. चारचौघांत अब्रू गेली की माणसाला बायकोचं दुखणं दिसत नाही, फक्त चारचौघं दिसतात. "चल घरी. काय बोलायचं ते घरी बोल. आणि मास्तर, तुमची बायको गेली म्हणून आमच्या घरात काड्या घालू नका."

हे मास्तरांना लागलं. पण ते काही बोलले नाहीत. रीळ त्यांच्या हातात नव्हतं.

ती उठली नाही.

"चल म्हणतोय ना."

"माझं बोलून झालं नाही," ती म्हणाली. दोन्ही हातांनी तिने रीळ धरलं होतं. "झालं की येईन. तुम्ही बसा."

आणि काय आश्चर्य, तो बसला. ती अर्धा तास बोलली. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात होती. मास्तरांना तिनेच बोलावलं होतं. नंबर आला आणि सवयीने वायरमन आधी आत शिरला. दार उघडंच राहिलं. डॉक्टरांनी वर पाहिलं आणि पेन उचलून त्यालाच विचारलं, "बोला, काय होतंय यांना?"

त्याने तोंड उघडलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

कालपासून आपल्याजवळच ठेवलेलं रीळ तिने टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, मला विचारा. आणि अहो, तुम्ही बाहेर बसा."

वायरमन दार ओढून बाहेर आला आणि बाकावर मास्तरांशेजारी बसला. आत तिचा आवाज चालू होता, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काय सांगत असेल ही?"

"मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. म्हणून तर ती आत आहे."

काही वेळाने दार उघडलं. तिच्या हातात तपासण्यांचा लांब कागद होता. मोठ्या हॉस्पिटलात आजच जायचं होतं. काय निघेल ते डॉक्टरांनाही अजून ठाऊक नव्हतं. तिने रीळ मास्तरांना परत दिलं. वायरमनने कागद घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला आणि मोटरसायकल काढायला गेला.

मास्तरही उठणार होते, तेवढ्यात काउंटरवरून पुढच्या बाईला हाक आली. कोपऱ्यातली एक बाई पोटावर हात धरून उठली. तिच्याआधी तिचा नवरा उठला आणि दाराकडे निघाला.

मास्तर दारात आडवे उभे राहिले. "तुम्ही बसा. त्यांना जाऊ द्या."

"मी नवरा आहे हिचा. तुम्ही कोण?"

"मी?" मास्तरांनी रीळ मुठीत घट्ट धरलं. "हिला काही नाही, असं याच दारातून आत जाऊन सांगून आलेला माणूस."