शेठची खेळणी

वल्ह्याचा पहिला फटका ब्रँडनच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे मासे सुकत घालणाऱ्या बायकांपर्यंत गेला. दुसरा फटका नळाच्या खांबावर बसला, कारण ब्रँडन तोवर खाली कोसळला होता. पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन परत वर आणून देणं हा त्याचा धंदा. त्या धंद्यातले चष्मे आणि नळ्या तो नळाखाली धूत होता, ते सगळं चिखलात पडलं.

"वीख घातलंस तेका, मेल्या! वीख!" भिकाजी ओरडत होता.

"कोणाक? कोणाक वीख घातलंय मी?"

"माझ्या शेठाक!"

"त्या पाखराक?" ब्रँडनला दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं असावं. "अगो आवय, हो पिसो झालो गो!"

तिसऱ्या फटक्यासाठी वल्हं वर गेलं ते खाली आलंच नाही. भिकाजीची सून सारिका मागून त्याला लोंबकळली होती. बाई अंगानं किडकिडीत, पण सगळा भार टाकला तेव्हा वल्हं, सून आणि सासरा तिघेही वाळूत बसले.

ब्रँडनची आई फिलोमिना हातावरचे खवले झाडत बाहेर आली. मुलाचा खांदा बघितला, भिकाजीकडे बघितलं आणि सारिकाला म्हणाली, "रिक्षा बोलव गो आधी. रडाक मागीर बसया."

ती पोलिसात गेली नाही. भिकाजीला वाटलं घाबरली. फिलोमिनाचा हिशोब वेगळा होता. घरामागच्या खोल्या तिने पर्यटकांना दिल्या होत्या, आणि ऐन हंगामात दारात पोलिसांची गाडी दिसली की पुण्याची माणसं आधी बॅगा भरतात, मग विचारपूस करतात. हाड आज ना उद्या जुळेल, गिऱ्हाईक गेलं की गेलं.

भिकाजी मारण्यात पक्षपात करत नसे, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. जाळं फाडलं म्हणून होडीवरच्या तांडेलाला मारलं, जेवणात मीठ कमी म्हटलं म्हणून मेव्हण्याचा दात पाडला, आणि पोटच्या पोराला, प्रीतमला, ओल्या दोराने असं झोडपलं की तो बोटीवरच्या नोकरीत गेला तो बापाशी फोनवरही बोलेनासा झाला. प्रीतम फोन करी तो बायकोला. सारिका सासऱ्यापाशी राहिली, पण राहण्याआधीच एक अट घालून राहिली.

"बाबा, माझ्यादेखत कोणावर हात उचललात, त्याच दिवशी मी मिठबावाक माझ्या आवशीकडे. मागीर पाया पडलात तरी येवचंय नाय."

भिकाजीने ती पाळली. पाळता आली याचं श्रेय मात्र शेठला. कलगीवाला, राखाडी अंगाचा, गालावर नारिंगी टिकल्या असलेला हा कॉकाटील जातीचा छोटा पोपट सारिकाने कुडाळच्या दुकानातून आणला होता. त्याची बसण्याची ऐट बघून भिकाजीनेच त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली. पक्षी घरी आला आणि स्वतःच्याच छातीची पिसं उपटू लागला. सारिकाने मोबाइलवर वाचलं आणि सांगितलं, त्याला कंटाळा येतो. कुरतडायला, ओढायला, फोडायला काहीतरी हवं.

"फोडूक व्हया?" भिकाजी म्हणाला. पहिल्यांदाच त्याला घरातलं कोणीतरी समजलं.

दुकानदाराने आरसा दिला होता. शेठ आरशातल्या शेठशी इतका भांडला की चोचीतून रक्त आलं. भिकाजीने आरसा उकिरड्यावर फेकला. मग घुंगरू आलं. त्याच्या फटीत शेठची नखी अडकली आणि तो उलटा लटकून सबंध आळी जागी होईल असा किंचाळला. दुपारी झोपलेला ब्रँडन खिडकीतून ओरडला, "एक दिवस वीख घालतलंय तेका!" सगळी आळी हसली. भिकाजी हसला नाही. तो असल्या गोष्टी सांभाळून ठेवी.

घुंगरूही गेलं. त्यानंतर भिकाजीने दुकानाची पायरी चढली नाही. जन्मभर जाळी शिवलेल्या हातांनी तो खेळणी करायला बसला. करवंटीला भोक पाडून तिच्यात दाणे लपवले. बांबूच्या कड्या एकीत एक गुंतवल्या. सुती दोरीचे धागे सुटून पायाला वेढे बसतात हे ध्यानात आल्यावर दोरी काढून झावळीच्या पात्या लावल्या. शेवग्याच्या हलक्या लाकडाच्या चकत्या केल्या. त्यांचा शेठ दिवसभरात भुसा पाडी आणि भिकाजी सकाळी नव्या लावी. प्रत्येक वस्तू पिंजऱ्यात टांगण्याआधी तो स्वतःच्या दातांनी चावून बघे. तुकडा निघून घशात अडकेल असं काही आत जाता कामा नये.

"पोराक इतक्या केल्यात काय कधी?" सारिका एकदा म्हणाली.

"पोरगो चावी नाय," भिकाजी म्हणाला आणि पुढची चकती चावून बघू लागला.

सगळ्यात आवडतं खेळणं शेवटचं. जाळं पाण्यात बसावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी लावतात, त्या मण्यांची माळ. शेठ ती ओढी, एकावर एक आपटी, चोचीत धरून घोळवी. पिसं उपटणं थांबलं. छातीवर पुन्हा लव आली. भिकाजी समोर स्टूल घेऊन बसे आणि भजनाला माना हलवाव्यात तसा त्या खटखटीला मान हलवी.

आणि मग त्या सकाळी शेठ दांडीवरून खाली पडला. विष्ठा हिरवीगार, मान वाकडी, पंख लुळे. भिकाजीला खिडकीतलं ते वाक्य आठवलं. वल्हं दाराशीच होतं.

रिक्षा ब्रँडनला घेऊन गेली तशी सारिका घरात आली आणि कपाटातून बॅग काढली.

"वीख घातल्यान तेणी," भिकाजी म्हणाला. "मी फुकट मारूक नाय."

"डॉक्टर सांगतली तां. पाखराक ब्रँडनान वीख घातलेला आसात, तर मी हयच रवतंय, आणि पोलिसात मीच जातंय. नसात, तर मिठबाव."

ती भरलेली बॅग घेऊनच भिकाजीबरोबर कुडाळला निघाली. शेठचा पिंजराही खेळण्यांसकट घेतला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "हे पांढरे कण दिसतात? पोटात धातू आहे. शिसं असावं. पिंजऱ्यात काय काय लावता?"

भिकाजी दवाखान्यातली भाषा बोलू लागला. "सर्व घरचं आहे मॅडम. दुकानातलं काही नाही. मी स्वतः चावून बघतो."

"चावून?"

बाईंनी पिंजऱ्यात हात घातला. करवंटी, कड्या, चकत्या एकेक चाचपल्या. "हे छान आहे. हेही चालेल. कोणी केलं?" भिकाजीची मान ताठ झाली. मग बाईंचा हात माळेवर थांबला. मण्यांवर चोचीने खरवडलेल्या चकचकीत रेघा होत्या.

"हे?"

"ते आपलं जाळ्याचं. आम्ही होडीवर ते दातांनीच दाबून बसवतो, मॅडम. चाळीस वर्षं तोंडात होतं. मला काय झालं?"

"शिसं हळूहळू डोक्यात जातं," बाई म्हणाल्या. "चिडचिड होते, झटके येतात, अंगावर धावून जातात." त्या पक्ष्यांबद्दल बोलत होत्या. सारिकाने मात्र सासऱ्याकडे बघितलं.

भिकाजीची दवाखान्याची भाषा सुटली. "म्हणजे वीखच मां?" त्याने जवळजवळ आशेने विचारलं.

"वीखच," सारिका म्हणाली. "तुमी घातलेला."

औषध सकाळ-संध्याकाळ होतं. सुई नसलेल्या सिरिंजने, चोचीच्या कडेने, थेंब थेंब. बाईंनी भिकाजीला टॉवेलमध्ये पक्षी धरायला शिकवलं. "मान दोन बोटांत. छाती अजिबात दाबायची नाही. पाखरू छाती हलवून श्वास घेतं. आवळलीत, तर हातातच जाईल."

एसटी स्टँडवर सारिकाने पिंजरा त्याच्या हातात दिला.

"हेका नेणस नाय?"

"मिठबावापर्यंत एसटीच्या धक्क्यांनी मरात. तुमी पाडल्यात, तुमीच उठवा."

"प्रीतमाक काय सांगतलंस?"

"जां झाला तां." ती गाडीत चढली. तिने खिडकीची जागा मिळूनही बाहेर बघितलं नाही.

घरी भिकाजीने डाव्या हाताने शेठला धरलं आणि उजव्या हाताने सिरिंज. जाळी ओढलेल्या त्या हाताला मधलं माप ठाऊक नव्हतं. सैल धरला तर शेठने अंगठ्याचा लचका काढला आणि तो कपाटाखाली जाऊन बसला. घट्ट धरला तर त्याचे डोळे मिटू लागले. भिकाजीने घाबरून हात उघडला. औषध लुंगीवर सांडलं. दोन्ही हातांनी धरलं की पकड बरोबर येत होती, पण मग सिरिंज धरायला घरात कोणी नव्हतं.

तो रस्ता ओलांडून मासे सुकवणाऱ्या बायकांकडे गेला. "जरा औषध घालशात काय गो?"

"बाबा रे, तुझ्या हाताच्या टप्प्यात कोण येतला?" काशीबाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. कोणी उठलं नाही.

राहिलं एकच दार. टॉवेलात शेठ, खिशात औषध भरलेली सिरिंज, अशा अवस्थेत तो फिलोमिनाच्या पडवीच्या पायऱ्या चढला. ब्रँडन खुर्चीत बसला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. हंगामभर आता त्याला पाण्यात उतरता येणार नव्हतं.

"कित्याक इलंस?" फिलोमिनाने दारातच विचारलं.

"औषध घालूचा आसा. माझे दोनय हात हेच्यातच गुततत." भिकाजी थांबला. पुढचं त्याच्या तोंडातून निघेना, मग एकदम निघालं. "वीख माझाच होता, ब्रँडन. शिशाचा. खेळण्यातला."

टॉवेलातून शेठची कलगी तेवढी हलत होती.

"हाड तेका हय," ब्रँडन म्हणाला आणि त्याने डावा हात पुढे केला.

भिकाजी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला. ब्रँडनने त्याच्या खिशातून डाव्या हाताने सिरिंज काढली आणि दातांनी टोपण ओढलं. चोचीच्या कडेने एक थेंब सोडला. शेठने गिळला. दुसरा. मग तिसरा. सगळं औषध संपलं. सिरिंज त्याने टेबलावर नीट आडवी ठेवली.

आणि मग त्याच डाव्या हाताने भिकाजीच्या कानफटात सणसणीत ठेवून दिली.

भिकाजीचे खांदे उसळले. कोणी हात उगारला की तो अंगावर पडायच्या आत याचा हात पोचलेला असे. अंगाला दुसरं ठाऊकच नव्हतं. मुठी आवळायला निघाल्या. मुठीत शेठ होता. अंगठ्याखाली ते बारीकसं काळीज धडधडत धावत होतं. बोटं होती तिथेच राहिली, ना सैल ना घट्ट.

दुसरी बसली. ओठ दातावर आपटून फाटला.

"पुरे रे," फिलोमिना म्हणाली.

ब्रँडन खुर्चीत मागे टेकला. खांदा दुखला असावा, त्याने डोळे मिटून घेतले. "परत कधी देवचा?"

"सांजचा."

"हाड तेका."

भिकाजी उठला. पायऱ्या उतरून, नळापाशीच्या चिखलातून, रस्त्यापलीकडच्या सगळ्या बायका बघत असताना तो आपल्या घराकडे चालत गेला. हनुवटीवरून रक्त ओघळून टॉवेलवर ठिपकत होतं. ते त्याने पुसलं नाही. पुसायला हात मोकळा नव्हता.