करवत अठ्ठावीस मिनिटांची

एमआरआयच्या मशीनमध्ये ब्लॅक मेटलची गाणी लावू नयेत. हे कुठल्या पुस्तकात नाही, रोज हे मशीन चालवणारी मी सांगते. मशीन आधीच खणखण करत असतं, त्यात ती किरकिरी गिटार आणि किंकाळ्या मिसळल्या की मशीन कुठलं आणि गाणं कुठलं ते कळेनासं होतं. पेशंट घाबरून हातातला रबरी फुगा दाबतो, की थांबवा स्कॅन. डेथ मेटलही नको. नळीत एकट्या पडलेल्या माणसाच्या कानात कुणी गुरगुरू नये. डूम मेटल मात्र फर्स्ट क्लास, कारण एकेक सूर इतका सावकाश येतो की दोन ठोक्यांच्या फटीतूनही ऐकू येतो. वयस्कर माणसांना मी पॉवर मेटल सुचवते. घोडे, तलवारी, खणखणीत आवाजाचा गायक आणि शेवटी जय ठरलेला. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने तर बाहेर आल्यावर अल्बमचं नाव लिहून घेतलं होतं.

बहुतेक लोक पियानो मागतात, ते सोडा. पण कुणी नुसतं विचारलं, 'काय ऐकू?' की मी एका पायावर तयार. हा रोग मला दादाने लावला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. टॉवर क्रेन चालवतो. जेवायच्या सुट्टीत बाकीचे खाली उतरतात, हा ऐंशी मीटरवरच्या काचेच्या खोलीत डबा उघडतो आणि अल्बम लावतो. आमच्याकडे सगळ्या अल्बमना टोपणनावं आहेत, कारण लहानपणी खरी नावं आईसमोर घ्यायची सोय नव्हती. तासभर सावकाश चिरडत जाणारा डूमचा अल्बम म्हणजे रोलर. मुखपृष्ठावर घोडे असलेला पॉवर मेटलचा तो वरात. आणि थ्रॅश मेटलचा एक, सुसाट, पहिल्या सेकंदापासून कापत सुटणारा, त्याला करवत म्हणतो. करवत अठ्ठावीस मिनिटांची. अर्ध्या तासाच्या सुट्टीत बरोबर बसते म्हणून दादाने ती हजारदा ऐकली असेल.

मागच्या महिन्यात वर बसलेला असताना त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. मिनिटभरच. त्याने आठवडाभर कुणाला सांगितलं नाही, आणि मग मला सांगितलं ते चहा ढवळता ढवळता, जणू चप्पल तुटली.

"अरे, खाली माणसं असतात!" मी ओरडले.

"म्हणून तर सांगतोय ना."

कंपनीच्या डॉक्टरने त्याला खाली बसवलं. स्कॅन चांगला आला तर सोमवारी वर. वाईट आला तर परत कधीच नाही. "एकोणीस वर्षं वर काढली मी," दादा म्हणाला, "खाली मला काहीसुद्धा येत नाही गं." असं तो कधी बोलत नाही.

तर काल सकाळी तो माझ्यासमोर टेबलावर उताणा. बाहेर बाकावर वहिनी. मी त्याच्या डोक्यावर स्कॅनचा आरसा लावलेला पिंजरा बसवला, कानांवर हेडफोन चढवले.

"किती वेळ?"

इथे मी माती खाल्ली. दिवसभर प्रत्येकाला 'लागेल थोडा वेळ' म्हणणारी मी, भावासमोर शहाणपणा करायला गेले. "साधं स्कॅन, पंचवीस मिनिटं. काही सापडलं तरच शिरेतून औषध देऊन पुढचं करतात. करवत लावते. ती संपायच्या आत तू बाहेर."

"बघ हं," तो म्हणाला. "शब्द दिलायस."

मी काचेच्या अलीकडे येऊन बसले. पहिले फोटो स्वच्छ आले, दुसरेही. तिसऱ्या खेपेला डावीकडे एक पांढरा ठिपका उमटला, वाटाण्याएवढा. मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं हेच बघतेय. डाव्या मेंदूचा उजव्या हाताशी काय संबंध असतो ते मला कुणी सांगायला नको.

फोन वाजला. शेजारच्या खोलीत रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडम हेच फोटो बघत होत्या. "औषध द्या आणि पुढचं सगळं घ्या. आडनाव तुमचंच दिसतंय. कोण हा?"

"भाऊ."

"मग उठा तुम्ही. मी दुसऱ्या कुणाला पाठवते."

"नको मॅडम. मीच करते. प्लीज."

"बरं. पण त्याला काही बोलायचं नाही. मी सांगेन."

घड्याळात तेवीस मिनिटं झाली होती. पाच मिनिटांत करवत संपणार आणि आत शांतता पसरणार. मला काय सुचलं कोण जाणे, मी अल्बम ओढून मागे नेला, आठव्या गाण्यावरून चौथ्यावर. संपलाच नाही तर त्याला कळणार नाही, इतकी अक्कल होती माझी त्या क्षणी! हजारदा ऐकलेला अल्बम, आणि मी तो त्याच्यापासून लपवत होते.

त्याने फुगा दाबला. मी मशीन थांबवलं.

"काय गं? हे झालं होतं की."

"अरे, ते... अडकलं मध्येच."

"अडकलं?"

"फाईल आहे ना. अडकते कधीकधी."

स्पीकरमधून नुसता त्याचा श्वास येत होता. काचेतून मला त्याचे फक्त पाय दिसत होते, राखाडी मोजे घातलेले.

"किती मोठं आहे?" त्याने विचारलं.

नियम मला पाठ आहे. नवीन मुलींना मीच शिकवते, की तोंडाला कुलूप, चेहऱ्यालासुद्धा. पण तो परक्यासारखा तिथे पडून वाट बघेल आणि मी इथे बसून खोटं बोलेन, हे मला सहन होईना. मी माइकचं बटण दाबलं.

"वाटाण्याएवढं. डावीकडे. काय आहे ते मला खरंच माहीत नाही, दादा. मॅडम सांगतील."

"बरं."

मग त्यानेच विचारलं, "अजून किती?"

"वीस मिनिटं. औषध द्यायला आत येते."

"मग रोलर लाव. आणि रडत आलीस तर थोबाडीत देईन."

मी तोंड धुऊन आत गेले. टेबल बाहेर घेतलं, त्याच्या हातात सुई घातली. पिंजऱ्याच्या आरशात त्याचे डोळे दिसत होते. ते छताकडे लागले होते.

"साइटवर फोन तू कर," तो म्हणाला. "सोमवारी येत नाही म्हणून. बाकी सगळं मी करीन, हे एवढं मला जमणार नाही."

"करते."

"आणि हिला मी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

मी हो म्हटलं आणि बाहेर आले. रोलर लावला, स्कॅन सुरू केला. स्पीकरमधून मशीनच्या धडधडीशिवाय काही येत नव्हतं. मोजे स्थिर होते. पण पडद्यावर फोटो उमटला तो फाटका. कवटीच्या एका रेषेच्या तीन झालेल्या. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. आतला माणूस थरथरला की असं होतं. मी त्याला हाक मारली नाही. थोडा वेळ नुसती गाणं चालू देऊन बसले.

फोटो परत घ्यायचे तर कारण भरावं लागतं. पडद्यावर चौकट येते, आम्ही तिच्यात रोज तेच लिहितो, 'रुग्ण हलला'. बोटं आपोआप टाइप करतात. मी 'रुग्ण' लिहिलं आणि हात थांबला. जोरदार वाऱ्यात टनभर लोखंड बोटभर जागेत अलगद ठेवणारा माणूस आहे माझा भाऊ.

मी ते खोडलं आणि 'तंत्रज्ञाची चूक' असं लिहिलं.

लगेच फोन वाजला. "हे काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"माझी चूक झाली, मॅडम," मी म्हणाले. "पुन्हा घेते."